मागच्या दाराजवळची जागा

जारो, इलोइलो
९ जानेवारी

प्रिय मानांग साल्बा,

तू पाठवलेली सुकी मासळी पोचली. बोटीवर स्वयंपाक करणारा बेर्तिंग पिशवी देताना म्हणाला, "तुझ्या थोरल्या बहिणीने अर्धा समुद्रच बांधून दिलाय." पिशवीची गाठ त्याने दोनदा सोडून बांधलेली दिसत होती, म्हणजे पाऊण समुद्र होता आणि अर्धा माझ्यापर्यंत आला. तरी बरं, पत्राला त्याने हात लावला नाही. तुझ्या कागायान्सिल्यो बेटावर फोन लागत नाही हे एका परीने बरंच आहे. फोनवर तू नुसती रागावली असतीस. पत्रात रागावायला तुलाही थोडा विचार करावा लागतो.

मासळी झकास होती. इनेसने पातळ भाताबरोबर सगळी डोकी चोखून खाल्ली. नऊ वर्षांची झाली, पण खाणं अजून तुझ्याचसारखं, आधी डोकं आणि मग बाकीचा मासा.

मेर्लिंदाचा हाँगकाँगहून रविवारी फोन येतो. तिथल्या मालकिणीची दोन पोरं ती सांभाळते आणि आमची एक मी. शाळा सुटली की इनेस प्लाझापाशी उभी राहते, मी जीप थांबवतो, ती माझ्या शेजारच्या सीटवर चढते ती संध्याकाळपर्यंत. घरी एकटी ठेवण्यापेक्षा हे बरं.

तिला खोकला आहे. लहानसाच. गंमत अशी की जीपमध्ये ती अजिबात खोकत नाही. जारो ते मोलो आणि परत, आवाज नाही. घरी येऊन इंजिन बंद केलं की सुरू. म्हणून मी हल्ली तिला शेवटच्या फेरीलाही बरोबर ठेवतो, हिंडती हवा तिला मानवते. शेजारची म्हातारी पासिंग म्हणते की पाठीवरचा घाम पाठीतच जिरला की असा खोकला होतो. आई आपल्या पाठीवर खोचायची तसा मी हिच्या सदऱ्यात मानेखालून पांढरा टॉवेल खोचतो. त्याचं टोक कॉलरबाहेर लोंबत असतं. शाळेत पोरं तिला शेपटीवाली म्हणतात.

आणखी एक. आमच्या मार्गावर जीपवाल्यांची सहकारी सोसायटी होतेय. जुन्या जीपा मोडीत द्यायच्या आणि सगळ्यांनी मिळून विजेच्या घ्यायच्या, असं चाललंय. गल्लीतला जीपवाला पिदियाँग म्हणतो, "टोस्टरला चाकं लावलीत, बसा आत भाजत." तातायने, आपल्या बापाने, स्वतःच्या हाताने पत्रा ठोकून उभी केलेली जीप मी मोडीत देऊ? तुझं काय म्हणणं?

तुझा,
तोतो क्रिसान्तो


कागायान्सिल्यो
२१ जानेवारी

तोतो,

पोरगी खोकतेय आणि ते तू मला मासळीची डोकी चोखून झाल्यावर सांगतोस? लहान होतास तेव्हाही असाच होतास. गुडघा फोडून यायचास आणि आधी पतंग कुठे अडकला ते सांगायचास.

आता मी लिहिते ते नीट वाच आणि तसंच कर. पहिलं, तिला तुझ्या शेजारी बसवू नकोस. तिथे खाली इंजिन असतं, पाय भाजतात, पोर घामाने निथळते आणि तोच घाम पाठीत जिरतो. तिला मागे बसव, अगदी मागच्या दाराजवळ. जीपमध्ये खरा वारा तिथेच असतो. मी लहानपणी तिथेच बसायची, ताताय मला आरशातून डोळे वटारायचा तरी. दुसरं, ओव्याच्या वासाची ती कलाबोची पानं भातावर वाफवून त्याचा रस मधातून दे. तिसरं, संध्याकाळी डोक्यावरून पाणी घालू नकोस. टॉवेल दर फेरीला बदल.

आणि जीपचं काय विचारतोस? तातायची जीप द्यायची नाही, विषय संपला. तुला आठवतं, तो घरी आला की मी धावत जाऊन त्याच्या सदऱ्यात नाक खुपसायची? घाम आणि डिझेल. अजून बंदरावर बोटीचं इंजिन सुरू झालं आणि तो वास आला की मला वाटतं, आता हा खिशातून पाव काढणार. इथे समुद्रात दिवसभर गुसो शेवाळाच्या दोऱ्या बांधत असते, मिठाने हातांची सालं निघतात, पण तो वास आला की हात थांबतो.

विजेच्या गाडीला कसला वास येणार? सोसायटीवाल्यांना सांग, आमच्या घरात टोस्टर नको.

वारा वाढलाय. पुढची बोट केव्हा सुटेल सांगता येत नाही. पोरीचं सगळं लिही, लहान-मोठं तू ठरवू नकोस.

मानांग


जारो
४ फेब्रुवारी

प्रिय मानांग,

घाईत लिहितोय, बेर्तिंग बंदरावर थांबलाय.

तू सांगितलंस तसं केलं. इनेस आता मागच्या दाराजवळ बसते. तिला ती जागा फार आवडली. मागून चढणाऱ्यांचे पैसे तिच्या हातातून पुढे पुढे सरकत माझ्यापर्यंत येतात, सुटे परत तिच्या हातातून जातात. म्हाताऱ्या बायका तिला कंडक्टरीणबाई म्हणतात. जीपमध्ये अजूनही खोकत नाही.

रात्री थोडा जास्त खोकते. कलाबोचा रस देतोय.

आरोग्यकेंद्रात नेलं होतं. नवीन डॉक्टर आहे, सोलेदाद नावाची, अगदी पोरसवदा. तिने तपासायचं सोडून मलाच प्रश्न विचारले. पोरगी दिवसभर कुठे असते? घराजवळ गाड्या आहेत का? सकाळी इंजिन दारात तापवता का? मी म्हटलं, "शाळेत असते, पायी जाते." आमच्या गल्लीत सात जीपा आहेत आणि पहाटे सातही तापवल्याशिवाय हलत नाहीत, हे तिला कशाला सांगायचं? जुनं डिझेल इंजिन न तापवता निघतं का कधी?

बाकी ठीक. बेर्तिंगबरोबर पांढरे टॉवेल पाठव, असतील तेवढे. हल्ली फार लवकर मळतात.

क्रिसान्तो


कागायान्सिल्यो
२७ फेब्रुवारी

तोतो,

दोन आठवडे वाऱ्यामुळे बोट आली नाही, ते मी समजू शकते. पण तिसऱ्या आठवड्यात आली आणि तिच्यात तुझी एक ओळ नव्हती. तेव्हा मनात म्हटलं, झालं, याचा कोंबडा पुन्हा झुंजीच्या जुगारात उतरला. रागाने तुला चार पानं लिहिली आणि चुलीत घातली.

मग बेर्तिंग कॉफी प्यायला आला. आधी उगाच इकडचं तिकडचं बोलला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "मानांग, क्रिसान्तो मला इस्पितळाच्या व्हरांड्यात दिसला. एका पायात त्याची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात बाईमाणसाची. मी हाक मारली तर त्याने ओळखही दाखवली नाही."

तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते अगदी खरं आहे. दोऱ्या बांधताना मला दिसतं की इनेस गेली. भात उकळताना दिसतं की तू गेलास. सगळं बेट झोपतं आणि मी समुद्राकडे तोंड करून बसते, जसं काही उत्तर पोहत येणार आहे.

तुला एक सांगायचं राहिलंय, कधी सांगितलंच नाही. ताताय शेवटच्या महिन्यात इस्पितळात होता तेव्हा तू परगावी होतास. डॉक्टरने मला बाजूला घेऊन विचारलं, "दिवसाला किती सिगारेटी ओढायचे?" मी म्हटलं, एकही नाही, आयुष्यात नाही. तो हसला. त्याला वाटलं मी बापाची अब्रू राखतेय. फुफ्फुसाचा फोटो उजेडाकडे धरून तो पुन्हा म्हणाला, "नीट आठवा." मी घरी येऊन आईला विचारलं, तीही नाहीच म्हणाली. मग आम्ही ठरवलं की घामच जिरला असणार. दुसरं काय ठरवणार?

म्हणून विचारते. इनेसला काय झालंय? तुला काय झालंय? मला बातमी स्वयंपाक्याच्या तोंडून का कळावी? परत येणाऱ्या बोटीत उत्तर नसेल तर मी स्वतः त्या बोटीत बसून येईन. समुद्र मला सोसत नाही हे तुला माहीत आहे. ओकत ओकत येईन, पण येईन.

मानांग


जारो
६ मार्च

प्रिय तिया साल्बा,

मी इनेस, तुझी भाची. हे पत्र पापाला माहीत नाही. तुझं पत्र त्याने वाचलं आणि तीन कागद घेतले आणि तिन्ही फाडले. म्हणून मी लिहिते. तियो बेर्तिंगला मी स्वतः देणार आहे, त्यांनी शप्पथ घेतली आहे.

मी इस्पितळात होते, आता घरी आहे. त्या रात्री मला श्वास आत घेता येत होता पण बाहेर सोडता येत नव्हता. पापाने मला उचललं आणि पळाला. जीप सुरू करायला वेळ लागला असता, म्हणून पिदियाँगच्या मुलाच्या मोटारसायकलवरून नेलं. इस्पितळात नाकावर मास्क लावतात, त्यातून थंड धूर येतो, तो चांगला धूर असतो. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने मला त्याचं बिस्किट दिलं. तोपण जीपवाल्याचा मुलगा आहे.

डॉक्टर सोलेदादनी माझा टॉवेल काढला. तो सदऱ्याच्या आत पांढरा होता आणि कॉलरबाहेर लोंबतो तिथे काळा. त्या पापाला म्हणाल्या, "घामाने मळला असता तर आतून मळला असता ना? हा बाहेरून मळलाय. हेच हिच्या छातीत जातंय." मग त्या म्हणाल्या की जीप पुढे जाते तेव्हा मागचा धूर दारातून आत ओढला जातो आणि मागे बसणाऱ्याला सगळ्यात जास्त मिळतो.

पापा रोज टॉवेल धुतो. आता मी जीपमध्ये बसत नाही तरी जुनेच पुन्हा पुन्हा धुतो. पाणी काळं आलं की रडतो, पण नळ सोडून ठेवतो म्हणजे मला ऐकू येऊ नये.

त्याने मला सांगितलंय की मम्मीला सांगायचं नाही, ती नोकरी सोडून येईल. आणि तुला तर मुळीच सांगायचं नाही, कारण मागच्या दाराजवळ बसवायचं तू सांगितलं होतंस, तुला फार वाईट वाटेल. म्हणून तिया, तू वाईट वाटून घेऊ नकोस हं. मला ती जागा आवडायची.

तुझी,
इनेस


कागायान्सिल्यो
१४ मार्च

तोतो,

पोरीला रागावू नकोस. बेर्तिंगलाही नको. दोघांनी मिळून माझा जीव वाचवलाय.

पत्र मी पाण्यात उभी राहून वाचलं. छातीपर्यंत पाणी होतं आणि हातातल्या दोऱ्या कधी सुटल्या कळलं नाही. दोन दोऱ्यांचं शेवाळ वाहून गेलं. बायका ओरडत होत्या, "साल्बा, पकड, पकड!" मी नुसती बघत उभी. मी बेटावर बसून उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि तू मुकाट्याने तसं केलंस, कारण लहानपणापासून मी सांगेन ते तू करतोस. पोरीला धुराच्या तोंडाशी मी बसवलं, क्रिसान्तो. चांगला वारा आहे म्हणून बसवलं.

मला वाईट वाटेल म्हणून तू लपवलंस. मी काय मातीचं मडकं आहे, तडा जाईल म्हणून उंचावर ठेवायला? आई कामाला जायची तेव्हा तुला न्हाऊ-माखू मी घातलं. मला वाईट वाटू दे. तुझ्या वाटणीचंही थोडं वाटू दे, म्हणजे तुला टॉवेल धुताना नळ सोडून ठेवावा लागणार नाही.

आता ऐक. जीप देऊन टाक.

मीच नको म्हटलं होतं, आता मीच सांगते. तुला तातायची भीती वाटते, की वर भेटल्यावर तो विचारेल, जीप कुठाय. तो माणूस रविवारी मिस्साला जातानासुद्धा तुला खांद्यावर बसवून न्यायचा, आठव. नातीला श्वास मिळत नाही असं कळलं असतं तर त्याने स्वतः हातोडा घेऊन ती जीप मोडली असती, आणि वर पत्र्याला शिव्या दिल्या असत्या.

आणि मेर्लिंदाला आजच्या आज फोन कर. आईपासून पोरीचं दुखणं लपवणं हे पाप आहे. खोटं वाटत असेल तर जारोच्या फादरना विचार, पण फोन आधी कर.

त्या डॉक्टरला तातायचंही विचार. तो सदऱ्याचा वास माझ्या नाकातून जात नाही आता, आणि आता तो चांगला लागत नाही.

मानांग


जारो
२९ मार्च

प्रिय मानांग,

आता लपवण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून सगळं लिहितो.

मेर्लिंदाला फोन केला. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती एवढंच म्हणाली, "फोन तिच्या छातीवर ठेव." इनेस झोपली होती. मी ठेवला. हाँगकाँगमध्ये बसून तिने पोरीचा श्वास ऐकला आणि म्हणाली, "आत शिट्टी वाजतेय. तुला ऐकू येत नाही?" मी म्हटलं, येतं. खरं सांगू, मला काही ऐकू येत नव्हतं, वाटलं ती उगाच अंदाजाने बोलतेय. मेमध्ये ती सुट्टी काढून येतेय. नोकरी सोडून नाही, सुट्टी काढून. तेवढं मी तिला पटवलं.

इनेसला जीपमध्ये बसवणं बंद केलं. शाळेनंतर ती पासिंगकडे असते. पण पहाटे पुन्हा धाप लागायची. डॉक्टर सोलेदाद एकदा सकाळी लवकर स्वतःच गल्लीत येऊन उभी राहिली. साती जीपा तापत होत्या, धूर घरांच्या खिडक्यांपर्यंत चढला होता. तिने नाकाला रुमाल लावून आमच्या खिडकीकडे बोट दाखवलं आणि गेली.

त्या संध्याकाळी मी पिदियाँगच्या दारात गेलो. तू ओळखतेस ना त्याला, जिभेला हाड नाही.

"उद्यापासून जीप गल्लीत सुरू करू नका," मी म्हटलं. "ढकलत मोठ्या रस्त्यावर नेऊ आणि तिथे तापवू."

"ढकलत?" तो म्हणाला. "मी जीप चालवतो रे, म्हैस नाही हाकत. सोसायटीवाल्यांनी तुला काय पाजलं?"

"सोसायटीचा काही संबंध नाही. इनेससाठी म्हणतोय."

"आमची पोरं नाही मोठी झाली याच धुरात? माझा मुलगा बघ, बैलासारखा आहे."

तेवढ्यात आतून त्याची बायको म्हणाली, "आणि थोरली? तिला बाळपणी रात्र रात्र मांडीवर बसवून कोणी काढलं, तू की मी?" पिदियाँगने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं. मी घरी आलो. सगळं संपलं असं वाटलं.

पहाटे मी एकटाच माझी जीप ढकलायला लागलो. तातायने किती लोखंड घातलंय तिच्यात, कल्पना नाही तुला. पाय घसरत होते. एकदम जीप हलकी झाली. वळून पाहिलं तर पिदियाँग, लुंगीवर, घोरल्यासारखा श्वास टाकत खांदा लावून उभा. म्हणाला, "बघतोस काय? ढकल. आणि कुणाला सांगशील तर दात पाडीन." मग त्याचा मुलगा आला. मग समोरचे दोघे भाऊ. साती जीपा आम्ही एकेक करून मोठ्या रस्त्यापर्यंत नेल्या. बायका खिडक्यांतून हसत होत्या, "बाप्यांना पहिल्यांदा घाम येताना पाहिला." आता रोज चाललंय. इनेस पहाटेची झोपते, मानांग. उठत नाही, झोपते.

तातायचं विचारलं. डॉक्टर म्हणाली की वर्षानुवर्षं या धुरात बसणाऱ्यांना फुफ्फुसाचे आजार जास्त होतात, कॅन्सरही, सिगारेट न ओढणाऱ्यांनाही. "पण तुमच्या वडिलांना मी पाहिलेलं नाही, त्यांचं मी सांगणार नाही." मला तेवढं पुरलं. ताताय खोटारडा नव्हता, तूही नव्हतीस.

सोसायटीच्या सभेला गेलो होतो. अध्यक्ष देल्फिना म्हणून बाई आहे, नवऱ्यामागे त्याची जीप तीच चालवते. दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एक नवी डिझेलची, तिच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वस्त, आणि वाटेल तिथे जाते, पण गाळणीची निगा राखली नाही तर पहिले पाढे पंचावन्न. दुसरी विजेची, धूरच नाही, पण रात्रभर चार्ज करावी लागते. एकजण ओरडला, "पुरात शॉक लागून मेलो तर?" देल्फिना म्हणाली, "पुरात तुझी आत्ताची जीप काय होडी होते?" सगळे हसले, पण सही करायला फारसं कोणी उठलं नाही. मीही नाही. आपल्या जीपमध्ये मी मालक आहे. तिथे पाळीने गाडी आणि पगार. वर पुढल्या पाटीवर लिहिलेलं इनेसचं नाव जाणार आणि नंबर येणार. आणि थांब्यावर सोसायटीत जाणाऱ्याला फितूर म्हणतात.

तू म्हणतेस दे. हात उचलत नाही गं.

क्रिसान्तो


कागायान्सिल्यो
८ एप्रिल

तोतो,

पिदियाँगला माझ्याकडून ही मासळी. पिशवीवर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत घातलंय, बेर्तिंगला वाचता येतं.

तुझ्या पत्रात जीप आहे, लुंगी आहे, गाळणी आहे, फितूर आहेत. पोरगी झोपते एवढंच एक वाक्य तिच्याबद्दल. झोपते ते बरंच झालं. पण दिवसा? धावते का? जिना चढते का? खोकला आहे की गेला? मी इथे बसून तुझ्या सात जीपा मोजू काय?

जीप द्यायची की नाही ते आता तू ठरव, मी एकदा सांगितलंय, पुन्हा सांगणार नाही. मला सल्ला द्यायची भीतीच बसलीय. कोणी काही विचारायला आलं तर मी म्हणते, मला माहीत नाही बाई, डॉक्टरला विचार.

मला फक्त एका वाक्यात कळव. इनेस बरी आहे का?

मानांग


जारो
२४ एप्रिल

प्रिय मानांग,

एका वाक्यात लिही म्हणालीस. नाही जमत.

शनिवारी देल्फिनाने विजेची एक गाडी चाचणीला आणली होती. म्हणाली, ज्याला बघायचंय त्याने आपल्याच मार्गावर एक फेरी मारून पाहावी, सही मागत नाही. मी डॉक्टरला विचारून इनेसला बरोबर घेतलं. या गाडीला दार बाजूला आहे, मागे नाही. तरी ती सवयीने थेट मागच्या बाकड्यावर जाऊन बसली. अर्धी गाडी बायकांनी भरली, फुकट होतं ना. पिदियाँगही चढला, फक्त नावं ठेवायला.

मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. वाटलं, सुरूच झाली नाही. देल्फिना म्हणाली, "सुरू आहे, निघ." पाय टेकवला तर निघाली. हाताखाली थरथर नाही, पायाखाली ऊब नाही. मला ते मुळीच आवडलं नाही. मढं चालवल्यासारखं वाटलं.

मग ला पाझच्या बाजारापाशी एक म्हातारी हळूच म्हणाली, "इथेच थांबव बाबा," आणि मी थांबलो. एरवी थांबवण्यासाठी वाजवतात तसं छतावर नाणं वाजवायला तिने हात वर केला होता, तो तसाच राहिला. सगळ्यांचं बोलणं मला ऐकू येत होतं. कोणाची सून माहेरी गेली, कोण पिदियाँगला चिडवतंय, सगळं. तीस वर्षं मी माणसांची ने-आण करतोय आणि ती मागे काय बोलतात ते मी पहिल्यांदा ऐकत होतो.

पुलावर चढताना मागून खोकला आला.

कोरडा, आतून खरवडल्यासारखा, मग एक शिट्टी, मग पुन्हा खोकला. मी आरशात पाहिलं. इनेस तोंडावर हात धरून खिडकीबाहेर बघत होती, अगदी आरामात, रोजचंच असल्यासारखी. मी गाडी कडेला घेतली आणि मागे गेलो.

"काय होतंय? त्रास होतोय का?"

"काही नाही," ती म्हणाली. "आता खूप कमी आहे, पापा."

"पण तू गाडीत कधी खोकायची नाहीस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी येडपटासारखं विचारलंय. "खोकायचे की. खूप खोकायचे." मग जरा थांबून, जणू माझी समजूत घालायला म्हणाली, "कधी कधी तुला हाकही मारायचे."

मानांग, मी तुला लिहिलं होतं, जीपमध्ये ती अजिबात खोकत नाही. दोनदा लिहिलं होतं. म्हणून तिला जास्त वेळ बसवून ठेवलं, शेवटच्या फेरीलाही. ती आधी माझ्या शेजारी, मग माझ्यामागे खोकत होती, मला हाक मारत होती, आणि मी तातायच्या इंजिनावर बसून, कानावर हाताएवढा जाड आवाज घेऊन, मोलोपर्यंत आणि परत खुशाल जात होतो. ती हाक मारायची बंद कधी झाली, तेही मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही.

पिदियाँग उठून इनेसच्या शेजारी जाऊन बसला आणि उरलेली फेरी तिथेच बसून राहिला. उतरताना देल्फिनाला म्हणाला, "ती सही कुठे करायची म्हणालीस?"

मीही केली. सोमवारी जीप देऊन आलो. पुढची पाटी तेवढी काढून घेतली, ती घरी इनेसच्या खाटेवर लावलीय. पुढच्या महिन्यापासून माझी पाळी, नंबरवाल्या गाडीवर. गल्लीत अजून पाच जीपा आहेत, त्या आम्ही पहाटे ढकलतो, माझी नसली तरी मी जातो.

डॉक्टर म्हणते, छाती साफ व्हायला वेळ लागेल, किती ते सांगत नाही. औषधाचा पंप रोज दोनदा ओढायचा, वर्षभर तरी. धावते थोडी. जिना चढते, मध्ये थांबून. हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

सुट्टी लागलीय. मेर्लिंदा येईपर्यंत इनेसला तुझ्याकडे पाठवतोय, ही बोट पोचेल तेव्हा ती बेर्तिंगबरोबर असेल. डेकवर पुढच्या बाजूला बसव, इंजिनाच्या धुरापासून लांब, असं त्याला दहादा बजावलंय. पंप तिच्या लाल पिशवीत आहे, कसा ओढायचा ते तिला येतं. टॉवेल पाठवत नाही.

रात्री तिला तुझ्याजवळ झोपव. बेटावर गाड्या नाहीत, तुला सगळं ऐकू येईल. तिची आता हाक मारायची सवय मोडली असेल, पण मारली कधी, तर मानांग, लगेच ओ दे.

तुझा,
तोतो